काळ्या मातीतलं घरकुल, श्रमदानाने: पायासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. शिरोळ तालुक्यात श्रमदानातून 269 चौरस फुटांचं घरकुल उभं करायचंय. गवंडी एकच, बाकी सगळे हौशी हात. चाचणी खड्ड्यात 8 फुटांपर्यंत काळी मातीच, मुरूम लागत नाही. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. साध्या दगडी पायावर भिंती खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या तडकणार, हे ठरलेलंच.

म्हणून अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत भोक पाडून ओतलेले, तळाशी फुगवलेले काँक्रीटचे खांब: 250 मिमी व्यास, तळाशी 625 मिमीचा फुगा, खोली किमान 3.5 मीटर. वर प्लिंथ बीम (भिंती पेलणारी जोत्याची आडवी तुळई) आणि त्याखाली 3 इंच पोकळी, म्हणजे माती फुगली तरी बीम उचलला जाणार नाही.

भोक पाडायला हाताने फिरवायचा ऑगर (मोठा गिरमिट) आणि फुगा कापायचं अवजार कोल्हापूर, इचलकरंजी किंवा जयसिंगपुरात भाड्याने कोण देतं? भोकात पाणी लागलं तर ट्रेमी पाइपही (काँक्रीट थेट तळाशी सोडणारी नळी) लागेल. काँक्रीट वरून ओतलं तर सिमेंट धुऊन खाली नुसती खडी उरते.

आणि बीमखालची पोकळी कशी राखता? वाळू भरून नंतर उकरायची म्हटलं तर मधली तशीच राहते. थर्माकोल टाकलेल्यांचा अनुभव काय? घरकुलाचं सरकारी अनुदान तुटपुंजंच आहे, तेव्हा महागडे उपाय कृपया सुचवू नका.