टीमला पर्यावरण संस्थेत एक दिवस न्यायचंय, पण संस्था म्हणते झाडं लावायची नाहीत

पाणवठा:
नमस्कार मंडळी. आमच्या कंपनीतून 22 जणांची टीम एका संस्थेत दिवसभर शिकायला जाणारे, संस्था पाणथळ जागांवर काम करते आणि सगळी जुळवाजुळव माझ्या गळ्यात आलीये. मी फोन करून विचारलं की रोपं किती आणायची, तर तिथल्या ताई म्हणाल्या रोपं अजिबात नकोत, उजाडताना या, बूट घालून या आणि एका वेळी 11 जणच या. इकडे साहेब म्हणतात काहीतरी दिसेल असं काम झालं पाहिजे. मला मनापासून वाटतं की लोक तिथून काहीतरी शिकून यावेत, नुसते बॅनर धरून फोटो नकोत. पण झाडं नको का म्हणत असतील? आणि मग दिवसभर करायचं काय? कोणी असं जाऊन आलंय का?

टिटवी:
मी अशाच एका संस्थेत बरीच वर्षं काम करते म्हणून लिहिते. ताईंचं बरोबर आहे, प्लीज त्यांचं ऐका. तळ्याचा काठ मोकळा दिसला की लोकांना तो ओसाड वाटतो, पण बऱ्याच पाणपक्ष्यांना तो मोकळाच लागतो, चारी बाजूंनी शत्रू येताना दिसला पाहिजे. तिथे झाडं उभी केली की शिकारी पक्ष्यांना बसायला आयती जागा मिळते. टिटवी तर घरटं असं बांधतच नाही, उघड्या जमिनीवर जरासा खळगा आणि त्यात बहुतेक वेळा चार अंडी, निमुळती टोकं आत वळवलेली, रंग असा मातकट ठिपक्यांचा की दोन पावलांवरून खडेच वाटतात. मी पहिल्या वर्षी अशा एका खळग्यापाशी पाय टाकणारच होते, बरोबरच्या काकांनी दंड धरून मागे ओढलं. आता विचार करा तिथे 22 माणसं खड्डे खणतायत.

11 जणांचं कारण पण हेच. घोळका आला की पक्षी उठतात, आणि लांबच्या प्रवासाआधी चरबी साठवत असलेल्या पक्ष्याला पुन्हा पुन्हा उठायला लागणं परवडत नाही. अजून एक, टीमला आधीच सांगून ठेवा की पाणथळ म्हणजे फक्त तलाव नाही. 1971 साली इराणमधल्या रामसर गावात जो करार झाला त्यात दलदल, भातखाचरं, ओहोटीला 6 मीटरपर्यंत खोल असलेलं समुद्राचं पाणी, सगळं धरलंय.

गाळातला_पाय:
आम्ही गेलेलो, 12 जण. आधी माझाही चेहरा पडला होता की हे काय, नुसतं बघायचं? पण सकाळी त्यांनी आम्हाला होडीतून नेलं आणि हातात एक दोरीला बांधलेली काळी-पांढरी चकती दिली, सेक्की डिस्क म्हणतात तिला, पाणी किती नितळ आहे ते तिनं मोजतात, 1865 पासून ही पद्धत वापरात आहे. ती हळूहळू पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवरचा आकडा बघायचा, मग वर ओढताना परत कुठे दिसते तेही बघायचं आणि दोन्हीची सरासरी काढायची. आमची चकती 40 सेंटिमीटरला गायब झाली! पलीकडे ओढा जिथे मिळतो तिथे त्याहून लवकर. सगळे एकदम गप्प झाले. मग पाण्यातला ऑक्सिजन मोजला, पहाटे एकदा आणि दुपारी एकदा, पहाटे कमी का भरतो तर रात्री पाण्यातल्या वनस्पती ऑक्सिजन तयार करत नाहीत पण त्या आणि बाकीचे जीव श्वासासाठी तो वापरत राहतात. हे आयुष्यभर लक्षात राहील.

आणि खरी मदत भलत्याच ठिकाणी झाली. त्यांच्याकडे 9 वर्षांच्या नोंदी वह्यांमध्ये होत्या, पेन्सिलीनं लिहिलेल्या, काही पानांवर पाण्याचे डाग. आमच्यातल्या दोघींनी पुढचे दोन महिने शनिवारी बसून त्या एक्सेलमध्ये भरल्या, तारखांचा घोळ होता तिथे फोन करून विचारून घेतलं. संस्थेचे लोक म्हणाले असं काम आम्हाला कोणी विचारतच नाही, सगळ्यांना रोपंच लावायची असतात.

मधलीवाट:
साहेबांना दिसेल असं काम हवंच असेल तर संस्थेला विचारा की जलपर्णी काढायची आहे का. ढीग दिसतो, दमायला पण होतं. पण त्यांच्या माणसाच्या देखरेखीखालीच, कारण दांड्याचा तुकडा पाण्यात राहिला तर त्याच्यापासून परत फुटते, आणि फुलं येऊन बी पडलं असेल तर ते गाळात 15-20 वर्षंही टिकतं. काढलेली काठावरच टाकू नका, कुजली की तिच्यातलं खत परत पाण्यातच उतरतं. लांब नेऊन टाकायला किती माणसं लागतील हे आधी विचारून घ्या, तिथेच सगळ्यांचा अंदाज चुकतो.

टिटवी:
+1, आणि एक राहिलं. तुमच्यासाठी त्यांची दोन-तीन माणसं दिवसभर अडकतात, त्यांचं रोजचं काम थांबतं. त्यांच्या वेळेचे पैसे कंपनीकडून द्या, ते स्वतःहून मागणार नाहीत.

पाणवठा:
खूप खूप आभार सगळ्यांचे. आत्ताच ताईंशी बोलले. 11-11 च्या दोन तुकड्या ठरल्या, मध्ये तीन आठवडे सोडून. जलपर्णी फक्त दुसऱ्या खेपेला, कारण आत्ता तिच्यात पाणकोंबडीची पिल्लं आहेत म्हणाल्या. वह्यांबद्दल विचारलं तर आधी दोन सेकंद काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या आहेत हो, कपाटभर आहेत. वेळेच्या पैशांचं साहेबांना उद्या सांगते. @गाळातला_पाय, त्या दोघींनी एक्सेलमध्ये रकाने कसे केले होते ते सांगाल का? पक्ष्यांची मोजणी आणि पाण्याचे आकडे एकाच शीटमध्ये की वेगळे?

गाळातला_पाय:
वेगळे ठेवा, पण तारीख आणि जागेचा नंबर दोन्हीकडे सारखाच लिहा म्हणजे नंतर जोडता येतं. आणि वहीत जे लिहिलंय ते तसंच उतरवा, वाचता आलं नाही तर रकाना रिकामा सोडा, अंदाजानं भरू नका. त्यांना विचारून फॉरमॅट पाठवतो.