स्टीलर्सची सर्वोत्तम ड्राफ्ट बॅच कोणती? माझं मत १९७१ ला

पिवळाकाळा

अमेरिकन फुटबॉलमधल्या ड्राफ्टचा विषय निघाला की पिट्सबर्ग स्टीलर्सची १९७४ ची बॅच सगळ्यांना तोंडपाठ असते. लिन स्वान, जॅक लॅम्बर्ट, जॉन स्टॉलवर्थ, माइक वेबस्टर. एकाच वर्षी निवडलेले चौघे हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या सन्मान-दालनात), असं दुसऱ्या कुठल्याही संघाला जमलेलं नाही. त्यामुळे यावर वाद घालायला कोणी धजत नाही. मी घालतो. माझ्या मते त्याच संघाची १९७१ ची बॅच उजवी.

खेळ ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी: ड्राफ्टमध्ये आयपीएलसारखी बोली लागत नाही. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंमधून संघ आळीपाळीने एकेक जण उचलतात. आदल्या मोसमात जो तळाला, त्याचा नंबर आधी. त्या काळी १७ फेऱ्या व्हायच्या. पहिल्या फेरीत नावाजलेली पोरं संपायची. दहाव्या-अकराव्या फेरीत कोणाला उचलायचं हे ज्याला कळतं, तो खरा पारखी.

आता १९७१ ची यादी बघा. पहिल्या फेरीत पास झेलणारा रिसीव्हर फ्रँक लुइस. दुसऱ्या फेरीत, एकूण ३४ वा, बचावातला लाइनबॅकर जॅक हॅम. चौथ्या फेरीत दोघे, गेरी मलिन्स आणि ड्वाइट व्हाइट. पाचवीत लॅरी ब्राउन, आठवीत अर्नी होम्स आणि अकरावीत, २६८ व्या क्रमांकावर, माइक वॅग्नर. यातला एकटा हॅम हॉल ऑफ फेममध्ये आहे, म्हणून लोक या यादीवरून भरकन पुढे जातात.

पण जानेवारी १९७५ मधला नववा सुपर बोल आठवा. १९३३ साली सुरू झालेला हा संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोहोचला होता, समोर मिनेसोटा व्हायकिंग्ज. मध्यंतराला धावफलक २-० होता आणि ते दोन गुण व्हायकिंग्जचा पास फेकणारा क्वार्टरबॅक फ्रॅन टार्केंटन याला त्याच्याच एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) दाबणाऱ्या ड्वाइट व्हाइटचे. हा गडी न्यूमोनिया होऊन हॉस्पिटलातून थेट मैदानावर आला होता. शेवटच्या मिनिटांत सामना मिटवणारा टचडाउन लॅरी ब्राउनचा. त्यानंतर टार्केंटनचा पास हिसकावून व्हायकिंग्जची उरलीसुरली आशा संपवली वॅग्नरने. पूर्ण सामन्यात व्हायकिंग्जना पळून फक्त १७ यार्ड मिळाले, कारण बचावाच्या पहिल्या फळीत जो ग्रीन आणि एल. सी. ग्रीनवुडच्या जोडीला व्हाइट आणि होम्स उभे होते. निकाल १६-६. ते सहा गुणसुद्धा अडवलेल्या पंटवर (चेंडू दूर मारून सोडण्याच्या किकवर) मिळाले, बचावाने काहीच दिलं नाही.

१९७४ ची बॅच त्या दिवशी कुठे होती? लॅम्बर्ट सामन्यातच जखमी होऊन बाहेर गेला होता, वेबस्टर राखीव होता. पहिलं अजिंक्यपद त्यांच्याशिवाय आलं असतं, असं म्हणायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

खडूस

एक सामना निवडायचा आणि त्यावर पंधरा वर्षांचा निकाल लावायचा, ही चांगली युक्ती आहे. आता मी सामना निवडतो.

दहावा सुपर बोल, डॅलसविरुद्ध. स्वानचे चार झेल, १६१ यार्ड, सामनावीर. त्याच सामन्यात आपल्या किकर गेरेलाची किक हुकली तेव्हा डॅलसचा क्लिफ हॅरिस त्याच्या हेल्मेटवर थापट्या मारून चिडवायला गेला. लॅम्बर्टने त्याला उचलून जमिनीवर आपटला. तिथून पुढे डॅलसचा माज उतरला.

तेरावा, पुन्हा डॅलस, ३५-३१. स्टॉलवर्थचे दोन टचडाउन, त्यातला एक ७५ यार्डांचा. स्वानचा एक, सात झेल, १२४ यार्ड. चौदावा, लॉस एंजेलिस रॅम्स, ३१-१९. स्वान ४७ यार्ड, स्टॉलवर्थ ७३ यार्ड आणि रॅम्स आघाडी घ्यायच्या बेतात असताना पास पळवणारा लॅम्बर्ट. तुमचा हॅम तो सामना दुखापतीमुळे खेळलाच नाही. म्हणून मी त्याला कमी लेखत नाही, पण हिशेब तुम्हीच सुरू केलात.

पिवळाकाळा

आपटाआपटीचे गुण मिळत नाहीत हो. :)

तेराव्या-चौदाव्याबद्दल तुमचं बरोबर आहे. पण १९७८ ला नियम बदलले हे सांगायचं राहिलं. पाच यार्डांपुढे रिसीव्हरला धक्काबुक्की करायला बंदी आली आणि लाइनमनना हात पसरून अडवायची मुभा मिळाली. पास फेकणाऱ्या संघांचे दिवस आले. स्वान आणि स्टॉलवर्थला वाऱ्याची दिशा सापडली इतकंच.

खडूस

आणि तो नियम कोणामुळे आला? स्टीलर्सचाच बचावपटू मेल ब्लाउंट याच्यामुळे. तो १९७० च्या तिसऱ्या फेरीतला. म्हणजे स्टीलर्सच्या एका बॅचने लीगला नियम बदलायला लावला आणि दुसऱ्या बॅचने त्याच नियमाचा फायदा उठवला. बाकी संघांनाही तोच वारा होता. त्यांनी का नाही जिंकले सलग दोन?

मोनोंगाहेलाकर

पिट्सबर्गात राहून या वादात गप्प बसणं शक्य नाही. इथे एकमेकांना कधी न भेटलेली माणसं किराणा दुकानाच्या रांगेत यावर बोलतात.

दोघेही बिल ननला विसरलात. नन हा 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचा क्रीडा पत्रकार. कृष्णवर्णीय कॉलेजांमधल्या उत्तम खेळाडूंचा संघ तो दरवर्षी कागदावर निवडायचा. स्टीलर्सचे लोक तिकडे फिरकत नाहीत अशी त्याची तक्रार होती. संघाच्या मालक रूनी कुटुंबाने त्यालाच बोलावून कामाला लावलं. बाकीचे संघ दक्षिणेतल्या त्या कॉलेजांना वरवरची भेट देत होते, तेव्हा ननला तिथले प्रशिक्षक घरात जेवायला बसवत. ब्लाउंट, ग्रीनवुड, होम्स, फ्रँक लुइस हे सगळे त्याच वाटेने आलेले. २०२१ साली ननला हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली, पण तो जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

स्टॉलवर्थची गोष्ट तर इथे पोरासोरांनाही माहीत आहे. अलाबामा ए अँड एमचा हा पोरगा ओल्या मैदानावर पळाला आणि वेळ साधारण आली. इतर संघांचे निरीक्षक पुढच्या गावाला निघाले. ननने बरं नसल्याची थाप मारली आणि मागे राहिला. दुसऱ्या दिवशी कोरड्या जागेवर त्याला पुन्हा पळवलं आणि ती वेळ स्वतःजवळ ठेवली. त्याच्या सामन्यांची फिल्मही पिट्सबर्गलाच राहिली, ती इतरांपर्यंत पोहोचली नाही.

प्रशिक्षक चक नोलला तर स्टॉलवर्थ पहिल्याच फेरीत हवा होता. लोकांनी त्याला थोपवलं: स्वान आता घ्या, स्टॉलवर्थ नंतरही मिळेल. तिसऱ्या फेरीचा नंबर संघाने आधीच ओकलंडला देऊन टाकला होता, त्यामुळे दुसऱ्या फेरीत लॅम्बर्ट घेतल्यावर सगळे जीव मुठीत धरून बसले. ८२ व्या क्रमांकावर, चौथ्या फेरीत, स्टॉलवर्थ हाती लागला. पाचवीत १२५ व्या क्रमांकावर वेबस्टर, ज्याला बाकीच्यांनी लहानखुरा म्हणून सोडला होता.

माझं मत ७४ ला आहे ते या दोन दिवसांसाठी. १९७१ लाही पारख दिसते, पण असा डाव टाकलेला दिसत नाही.

पिवळाकाळा

हे छान लिहिलंत. पण माझ्या बाजूने एक भर घालतो. डाव चांगला होता की बॅच चांगली होती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. २६८ व्या क्रमांकाचा वॅग्नर १९७३ मध्ये आठ पास पळवतो, चारही अंगठ्या (अजिंक्यपदाच्या) घेतो. मलिन्स आणि ब्राउन दोघेही टाइट एंड म्हणून आले. पुढे दोघांनाही अडवणाऱ्या फळीत नेलं, मलिन्सला गार्ड म्हणून, ब्राउनला टॅकल म्हणून. दोघांकडेही चार-चार अंगठ्या. ७४ च्या चौघांनंतर पाचवं नाव घेऊन दाखवा. जिमी अॅलन? भला माणूस, पण त्याच्यावर कोणी धागा काढणार नाही.

निवांत

पाचवं नाव डॉनी शेल. ५१ इंटरसेप्शन (पळवलेले पास), २०२० ला हॉल ऑफ फेम.

पिवळाकाळा

शेलला ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नाही, स्टीलर्सनीही नाही. १७ फेऱ्या झाल्या, शेकडो पोरं गेली आणि शेल साउथ कॅरोलिना स्टेटमध्ये फोनची वाट बघत राहिला. नंतर त्याला करार दिला. त्याला बॅचमध्ये मोजायचं तर 'ड्राफ्ट' शब्द काढून टाका. उलट मी म्हणेन, ज्या लोकांनी त्याला १७ वेळा सोडलं त्यांना त्याचं श्रेय कसं द्यायचं?

निवांत

तांत्रिकदृष्ट्या ठीक. पण १९७४ च्या उन्हाळ्यात जुन्या खेळाडूंचा संप होता हेही लक्षात घ्या. सराव शिबिरात दिग्गज नव्हते, मैदान नवख्यांना मोकळं मिळालं. नोलने त्यांना भरपूर बघितलं आणि शेलसारखा पोरगा टिकला. त्या वर्षाचं एकूण पीक म्हणून मी त्याला धरतो. ज्याला धरायचं नसेल त्याने चारच धरावेत, चारही पुरेसे आहेत.

डॅलसकर

क्लिफ हॅरिसला आपटलं तेव्हा पंच झोपले होते का, हे आधी सांगा. मग बाकीची चर्चा. आणि १९६४ मध्ये आमच्यांनी एकाच ड्राफ्टमध्ये मेल रेनफ्रो, बॉब हेज आणि क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबक घेतले होते. तिघेही हॉल ऑफ फेममध्ये. स्टॉबकसाठी तर नौदलातली नोकरी संपेपर्यंत थांबले. संयम याला म्हणतात.

खडूस

तिघे. आमचे चार. आणि तुमचा स्टॉबक दोनदा आमच्याकडून हरला. चहा घेऊन जा.

तिरकीचाल

तुमचं चालू द्या, पण दोघेही चुकीच्या वर्षावर भांडताय. १९६९.

नोल जानेवारीत नोकरीवर आला आणि पहिल्याच निवडीत, चौथ्या क्रमांकावर, नॉर्थ टेक्सासचा जो ग्रीन उचलला. पिट्सबर्गच्या पेपरात मथळा आला, 'जो ग्रीन कोण?' तिसऱ्या फेरीत जॉन कोल्ब, पुढे वर्षानुवर्षं डावा टॅकल, चार अंगठ्या. दहाव्या फेरीत, २३८ वा, एल. सी. ग्रीनवुड. तो हॉल ऑफ फेममध्ये नाही, ही त्या हॉलची अडचण.

त्याआधीचा हा संघ कसा होता माहीत आहे ना? पुढे दिग्गज ठरलेल्या जॉनी युनायटसला १९५५ मध्ये घेतला आणि सरावातच घरी पाठवला. १९५७ मध्ये जिम ब्राउन उपलब्ध असताना लेन डॉसनला निवडलं आणि त्यालाही जाऊ दिलं. १९६५ ला जो नंबर शिकागोला दिला, त्यावर शिकागोने डिक बटकस घेतला. हरण्याची सवय लागलेला संघ होता. हरणं सहन न होणारा पहिला माणूस ग्रीन.

पिवळाकाळा

ग्रीन आल्यावर त्या मोसमात संघ १ जिंकला, १३ हरला.

तिरकीचाल

आणि त्यामुळेच पुढच्या वर्षी शिकागोबरोबर नाणेफेक होऊन पहिला नंबर मिळाला, त्यावर क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ आला. हरण्यातसुद्धा कामी आला बघा.

खडूस

हाहा, हे मान्य.

पण मूळ मुद्द्याकडे. पिवळाकाळा, तुमचा सगळा भर बचावावर आहे, तर १९७६ घ्या. पहिल्या पाचात चार पराभव, ब्रॅडशॉ जखमी. शेवटच्या नऊ सामन्यांत त्या बचावाने मिळून २८ गुण दिले, पाच सामन्यांत शून्य. त्या वर्षीचा लीगमधला सर्वोत्तम बचावपटू कोण ठरला? लॅम्बर्ट. केंट स्टेटमध्ये एकदा चिखलामुळे सराव वाहनतळावर हलवला होता. तिथेही हा खडीवर झेप घेऊन टॅकल करत होता आणि मग कातडीत घुसलेले खडे उपटत होता, हे बघून आलेल्या निरीक्षकाचं मत तिथेच ठरलं.

पिवळाकाळा

१९७६ च्या त्या अकरा जणांत हॅम, व्हाइट, होम्स, वॅग्नर. चार माझे, एक तुमचा. बक्षीस एकालाच देता येतं, ते त्यांनी मधल्या लाइनबॅकरला दिलं.

रात्रपाळी

वेबस्टरचं नाव आलं म्हणून लिहितो. पिट्सबर्गसाठी १५ मोसम, २२० सामने आणि त्यातला प्रत्येक डाव डोक्याने टक्कर देऊन सुरू व्हायचा. २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी गेला. त्याच शहरातल्या डॉ. बेनेट ओमालूंनी त्याचा मेंदू तपासला आणि फुटबॉलपटूमध्ये सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) पहिल्यांदा सापडला. शेवटची वर्षं त्याने फार हालात काढली, कधी गाडीत झोपून. बॅचची किंमत मोजताना हे कुठल्या रकान्यात लिहायचं मला कळत नाही. अंगठ्या मोजणाऱ्यांना अडवत नाही.

मोनोंगाहेलाकर

यावर वेगळा धागा काढा, जरूर लिहीन. इथे त्याबद्दल बोलताना लोकांचा आवाज अजून बदलतो.

निवांत

मला एक सोपी कसोटी सुचते. एकेक बॅच नकाशातून काढून टाका आणि बघा काय उरतं. ७१ काढली तर नववा जातो, दहावाही बहुधा जातो, कारण वॅग्नरने तिथेही स्टॉबकचा एक पास पळवला होता. ७४ काढली तर तेरावा आणि चौदावा जातात, दहावाही डळमळतो.

खडूस

म्हणजे माझे दोन नक्की, तुमचा एक नक्की.

पिवळाकाळा

पहिला आला नसता तर पुढचे तीन कोणाच्या जिवावर आले असते? ४१ मोसम एकही अजिंक्यपद नसलेल्या गावाला विचारा, पहिला किती जड असतो.

तिरकीचाल

ग्रीन काढा, चारही गेले. मी मघापासून तेच सांगतोय, पण तुम्हाला भांडायचंय.