अस्थिकुंभ, दफनकुंभ की कुंभदफन?

खापर: इनामगाव या पुणे जिल्ह्यातल्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननावरच्या अनुवादात ‘अर्न बरिअल’ला (मृताला कुंभात ठेवून पुरणे) ‘अस्थिकुंभ’ लिहिले होते. तपासताना ते खोडून ‘दफनकुंभ’ झाले आहे. योग्य काय?

घोडकाठ: ‘अस्थिकुंभ’ खोडले ते बरेच झाले. त्यात दहनानंतर वेचलेल्या अस्थी असतात. इनामगावात मुले जाळलेली नाहीत. घराच्या जमिनीत खड्डा, त्यात दोन कुंभ आडवे, तोंडाला तोंड लावून, आत अख्खे मूल. प्रौढ सहसा खड्ड्यात उताणे, डोके उत्तरेला, पाय घोट्यापाशी तोडलेले. मोठा अपवाद एकच: कच्च्या मातीच्या चार पायांच्या रांजणात बसवलेला पुरुष. त्याची पावले शाबूत आहेत.

पण ‘दफनकुंभ’ म्हणजे नुसते भांडे. खड्डा, कुंभ, सांगाडा, सोबतची भांडी मिळून जे होते ते ‘कुंभदफन’. खड्डा कोणत्या थरातून खाली कापलाय ते नोंदवावे लागते. तळाच्या थराचा काळ लावला, तर दफन आहे त्याहून जुने ठरते. भांडे आणि रचना यांना एकच शब्द वापरला की असे घोळ होतात.

अनुस्वार: ‘दफन’ अरबी आहे. अथर्ववेदाच्या अठराव्या कांडात ‘ये निखाता ये परोप्ता ये दग्धा ये चोद्धिताः’ असे चार प्रकार येतात. निखात म्हणजे पुरलेले. ‘कुंभनिखात’ घ्या.

कानामात्रा: ‘निखात’ला तळटीप द्यावी लागेल, ‘दफन’ला नाही. अरबी म्हणून तो काढायचा, तर वर लिहिलेली ‘जमीन’ही फारसी आहे. मराठी धातू हवा तर ‘पुरणे’ आहेच. फक्त त्याचे नाम ‘पुरण’ स्वयंपाकघराने कधीच घेतले.

अनुस्वार: पुरणे म्हणजे मुळात भरणे, संस्कृत ‘पूर्’. खड्डा भरून काढणे. ‘पुरून उरणे’ही तिथलेच, गाडले तरी जो उरतो तो.

घोडकाठ: हे पटत नाही. ‘दहा जणांना पुरून उरला’ यात पुरेसे होणे आहे. तो स्वतः गाडला गेला असता, तर ‘दहा जणांना’ कशाला आले असते?

खापर: पुढच्याच परिच्छेदात तमिळनाडूचे आदिचनल्लूर आहे. तिथल्या मोठ्या कुंभांत प्रौढही आहेत. तिथेही ‘कुंभदफन’च ना?

अनुस्वार: ‘जणांना’चा मुद्दा मान्य. तरी पुरेसे होणे हेही शेवटी भरणेच. धातू एकच.

कानामात्रा: धातू एक असला, तरी रूपे वेगळी चालतात. ‘त्याने हंडा पुरला’ आणि ‘त्याला हंडा पुरला’, दोन्ही म्हणून पाहा.