कॉबच्या रुंद डोक्याला शोभेल असा लगाम

घोड्याला कोणता लगाम शोभेल असं तुम्ही विचारलंत, एक निवडूनही ठेवलात. तुमच्या घोड्याचा बांधा कॉबचा, म्हणजे आखूड पायांचा आणि भरदार, म्हणून दुकानदार ‘कॉब साइज’ (फुल साइजपेक्षा लहान माप) घ्या म्हणतोय. पूर्ण सेट तसा घेऊ नका. या घोड्यांचा चेहरा आखूड असतो, पण कपाळ आणि जबडा चांगलाच रुंद. त्यामुळे गालपट्ट्या कॉबच्या आणि कपाळपट्टी फुल साइजची, असं मिसळून घ्यावं लागतं. सुटे भाग देणाराच दुकानदार गाठा.

कपाळपट्टीवर जास्त लक्ष द्या. ती आखूड पडली की डोक्यावरचा पट्टा पुढे ओढला जातो आणि कानाच्या मुळाशी काचतो. मग घोडा मान झटकतो, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो! पट्टीखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. नाकपट्टी गालाच्या हाडाखाली दोन बोटं, गळपट्ट्यात उभी मूठ मावेल एवढी ढील.

दिसण्याचं म्हणाल तर तुम्ही निवडलेला बारीक, गोल शिवणीचा लगाम मला पटत नाही. नाजूक पट्ट्यांत भारी डोकं अजूनच भारी दिसतं. रुंद, सपाट, साधी नाकपट्टी घ्या, चेहरा लगेच रेखीव वाटतो. अकलूजच्या बाजारातली गोंडेवाली सजावट मिरवणुकीपुरती ठेवा.

आणि आपल्या सोलापूरच्या उन्हात कातडं लवकर कडक होतं. रपेट झाली की घाम ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीतच वाळवा. कानामागची, बक्कलाखालची बाजू विशेषतः बघा, तिथलं कातडं आधी तडकतं.