मदत हवी आहे : स्किर्मिऑन टिकतच नाही!!

उदगीरचा_पोऱ्या : परवा सरांना दाखवायचंय, तीन दिवस झाले डोकं फोडायलोय. मूमॅक्समध्ये (चुंबकाचं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर) स्किर्मिऑन, म्हणजे चुंबकातल्या बाणांचा छोटा भोवरा, ठेवला की पसरतो आणि सगळे पट्टेच पट्टे. सगळं बरोबर टाकलंय. काय चुकायलंय?

बालाघाट : 'सगळं' म्हणजे काय ते सांगा की. पदार्थ? जाडी? डी, म्हणजे शेजारचे बाण वळवणारा जोर, किती? गणितासाठी पाडलेला सेल (बारीक चौकट) केवढा?

गारवा : मँगनीज सिलिसाइड घ्या. २००९ साली म्युनिकवाल्यांनी न्यूट्रॉन मारून स्किर्मिऑनची जाळी त्यातच दाखवली. मी त्यावर दोन वर्षं घालवलीत. फक्त २९ केल्विनच्या खाली जावं लागतं, हेलियमशिवाय काम नाही.

बालाघाट : अहो, त्याची अडचण गणिताची आहे. हेलियम काय प्यायचंय का त्याला?

गारवा : खरा पदार्थ न बघता नुसते बाण रंगवणं म्हणजे भौतिकी नव्हे, एवढंच म्हणतोय.

उदगीरचा_पोऱ्या : कोबाल्ट-प्लॅटिनम. जाडी ०.४ नॅनो, चौकोन १०० नॅनोचा, सेल १ चा. डी ३ मिलिज्यूल, ए (शेजारचे बाण समांतर ठेवणारा जोर) १५ पिको, एमएस (चुंबकत्व) ५८० किलो. लवकर सांगा ना कुणीतरी.

वसमतची_हळद : लॅपटॉपवर चालवताय का? आमच्याकडं दुपारी लाईट जाती अन् सगळं पुन्हा पहिल्यापासून. आधी इन्व्हर्टर घ्या.

लातूरची_लेक : अॅनिसोट्रॉपीचा के, म्हणजे बाण एका ठरावीक दिशेला धरून ठेवणारा जोर, दिलाय का?

उदगीरचा_पोऱ्या : दिलाय की. ०.८ मेगाज्यूल.

लातूरची_लेक : अन् दिशा? अॅनिसयूची ओळ नसली तर दिशा शून्य धरली जाते, के असून नसल्यासारखा. मग डीला अडवायला कुणी नाही. बाण मळसूत्रासारखे वळत जातात, एक फेरा ४π गुणिले ए भागिले डी, म्हणजे ६३ नॅनोमीटरचा. तेच तुमचे पट्टे. के जागेवर असला तर विचुंबकन (चुंबकाच्या स्वतःच्याच उलट्या क्षेत्राचा परिणाम) वजा करून डीची मर्यादा ३.८ च्या आसपास निघते. तुमचा ३ आहे, टिकायला पाहिजे.

उदगीरचा_पोऱ्या : नव्हती टाकली... टाकली. टिकला!!! पण स्किर्मिऑन अंक (बाण एकूण किती वेळा पूर्ण गुंडाळले ते) −०.९३ यायलाय. −१ च पाहिजे ना?

गारवा : सेल अर्धा करा.

लातूरची_लेक : सेलनं नाही जायचं ते. डीमुळं कडेचे बाण कलतात, तेवढाच तुटवडा. कडाच काढा, दोन्ही दिशांना पीबीसी (एक कड समोरच्या कडेला जोडायची सोय) लावा.

वसमतची_हळद : १५० एएचची बॅटरी पुरते, बरं का.

उदगीरचा_पोऱ्या : पीबीसीची ओळ कुठं टाकायची? ग्रिडच्या आधी का नंतर?