मदत हवी आहे : फोनच्या कर्व्ह (कडेला वळलेल्या) स्क्रीनची फक्त वरची काच बदलून कोण देतं?

6.8 इंची कर्व्ह ओएलईडी. उजव्या वळणावर काच तडकलीये, टच आणि डिस्प्ले ठणठणीत. (स्क्रीन दिसायला झकास, पण कडेला कव्हरचा आधार नसतो, मार थेट काचेलाच.) पूर्ण फोल्डर (काच, टच, डिस्प्ले असा अख्खा संच) नकोय. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा आसपास वळणाच्या मापाचा लॅमिनेशन मोल्ड (नवी काच पॅनलवर चिकटवतानाचा साचा) असलेलं कोणी आहे का? सपाट मोल्डवर कडेला बुडबुडे राहतात, आणि काच सोडवताना पॅनल दुखावलं की स्क्रीनवर हिरवी रेघ कायमची. नंतर यूव्ही ग्लासही (यूव्ही प्रकाशात सुकणाऱ्या पातळ गोंदाने चिकटणारी संरक्षक काच) लावायचीये. इअरपीसची जाळी आधी टेपने बंद करणाराच सुचवा, गोंद आत गेला की आवाज बसतो. काचेचा दर सांगताना मागच्या झाकणाचा सील (चिकटपट्टी) नवीन धरून सांगा.