मदत हवी आहे: अमेरिकेत आईचं कॅन्सरचं निदान तिला सांगावंच लागतं का?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. आई (वय ७१) दीड वर्षापूर्वी ग्रीन कार्डावर साताऱ्याहून आली. परवा बायोप्सीचा रिपोर्ट थेट हॉस्पिटलच्या ऑनलाइन पोर्टलवर आला, डॉक्टरांचा फोन यायच्या आत मीच वाचला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलाय. आई समोरच बसून लसूण सोलत होती. मी फोन पालथा घातला.

दादा आणि मावशी म्हणतात, तिला काही कळू देऊ नका, हाय खाईल. बाबांच्या वेळी साताऱ्याच्या डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं होतं. बाबांना शेवटपर्यंत 'अल्सर' एवढंच माहीत. तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

इथल्या डॉक्टर म्हणतात, आईला सगळं समजतंय, म्हणून निर्णय तिचा. केमोच्या संमतीवर सही तिचीच. मी दुभाषी झालेलंही त्यांना चालत नाही, हॉस्पिटल स्वतःचा देणार. गंमत म्हणजे १९६१ च्या पाहणीत इथलेच सुमारे ९० टक्के डॉक्टर कॅन्सर पेशंटला सांगत नव्हते, १९७९ पर्यंत चित्र पार उलटलं. मग आमचंच इतकं चुकीचं कसं?

अपॉइंटमेंट गुरुवारी आहे. कुणी यातून गेलंय का? मेडिकेअरला (६५ वरच्यांचा सरकारी आरोग्य विमा) सलग ५ वर्षांचं वास्तव्य लागतं, त्यामुळे मार्केटप्लेसचा (सरकारी विमा-बाजारातून घेतलेला खाजगी) प्लॅन आहे. खर्चाचीही धास्ती आहे.

प्रतिसाद:
ताई, मी इथे ऑन्कॉलॉजी (कॅन्सर विभागातली) नर्स आहे. तुमचं चुकतंय असं मनात आणू नका. डॉक्टरांना आधीच कळवा, की सुरुवातीला आईंनाच विचारा: सगळं ऐकायचंय, की मुलीशी बोलू? 'माझ्या लेकीला सांगा' म्हणायचाही त्यांना हक्क आहे, फक्त ते त्यांच्या तोंडून यायला हवं. आमच्या वॉर्डात एका आजींनी असंच सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी ते पाळलं.
दुभाषी मराठीच मागा, नाहीतर हिंदीचा जोडून देतात. हेल्थ केअर प्रॉक्सी (आईंना स्वतः ठरवता येईनासं झालं तर उपचारांचे निर्णय कोण घेणार, हे नेमणारा कागद) लगेच करून घ्या, न्यू जर्सीत दोन साक्षीदार किंवा नोटरी पुरते. पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि त्रास कमी करणारी) टीम आत्तापासून मागा, ती फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसते. हॉस्पिटल ना-नफा असेल तर आर्थिक मदतीचं धोरण कायद्यानं ठेवावंच लागतं, बिलिंगमध्ये अर्ज मागा. आणि घरात एकमत होत नसेल तर हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीला (अशा पेचांत सल्ला देणारी समिती) तुम्हीही बोलावू शकता.

मूळ लेखिका:
खूप आभार. वाचून रडू आलं, पण जरा बळ आलं. आत्ताच फोन केला, गुरुवारी दहाला मराठी दुभाषी मिळतोय. आज जेवणं झाली की आईला मीच विचारते, किती ऐकायचंय ते. प्रॉक्सीत माझ्यानंतर दादाचं नाव घातलं तर चालेल का? तो साताऱ्यात असतो.